समितीची वास्तुशांत

निवारा बांधून तयार होता, पण त्याच्या दाराला तीन कुलपं होती आणि तिन्हींच्या किल्ल्या तीन वेगवेगळ्या घरांत होत्या.

आता एका दाराला तीन कुलपं कशाला, असं कुणीही विचारील. त्याचं असं झालं, की बहात्तरच्या दुष्काळात गावोगावची माणसं कामाच्या शोधात सोलापुरात आली आणि स्टेशनच्या मागं, पुलाखाली, दुकानांच्या पायऱ्यांवर पडून राहू लागली. त्यांची दया शहरातल्या तीन संस्थांना एकदमच आली. तिन्ही संस्था एकाच माणसाला एकाच वेळी खिचडी वाढायच्या, आणि पांघरूण मात्र एकही द्यायची नाही, कारण ते दुसरी देणार असं प्रत्येकीला वाटायचं. मग वरून सूचना आली, की बाबांनो, मिळून काम करा. झालं! 'बेघर साहाय्य समन्वय समिती' जन्माला आली. धर्मार्थ मंडळाच्या आबासाहेबांनी स्टेशनमागची जागा दिली, सूत व्यापारी मल्लप्पांनी विटा आणि पत्रे दिले, महिला मंडळाच्या रत्नम्मांनी चादरी दिल्या. इमारत उभी राहिली त्या दिवशी आबासाहेबांनी दाराला कुलूप घातलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी मल्लप्पांचं दिसलं. रत्नम्मा आल्या तेव्हा कोयंड्यात जागाच उरली नव्हती, म्हणून त्यांनी सुतार बोलावून नवा कोयंडा मारून घेतला.

या तिघांच्या मधे सापडलेला माणूस म्हणजे समितीचे चिटणीस त्रिंबकराव. तिघांचे निरोप तिघांना पोचवायचे आणि तिघांचीही बोलणी आपण खायची, एवढंच काम. बोलणी खायची त्यांना सवय होती. पण निवाऱ्याच्या ओट्यावर बसलेल्या बजाबाईचं काय करावं हे मात्र त्यांना कळत नव्हतं.

बजाबाई करकंबची. गावातल्या विहिरी आटल्या, रानात काम राहिलं नाही, तशी ती भावाला, धोंडीरामला घेऊन सोलापुरात आली. बरोबर गावातली आणखी काही माणसं होती. सगळ्यांनी निवाऱ्याच्या ओट्यावर बस्तान मांडलं होतं, कारण आज ना उद्या दार उघडेलच. आणि अशातच बजाबाईची लेक केसर दिवस भरत आलेली, हातात गाठोडं घेऊन तिथं येऊन थडकली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, म्हणून सासरच्यांनी तिला रीतसर माहेरी पोचती केली आणि ते परत फिरले. माहेर ओट्यावर आहे हे बघायलासुद्धा थांबले नाहीत.

"चिटणीस सायेब," बजाबाई रोज विचारायची, "कवा उघडताय वो दार? लेक पयल्या बाळंतपनाला म्हायेरी आलीया. म्हायेर कुटं दावू तिला?"

"उद्घाटन झालं की लगेच, बजाबाई."

"ते कवा?"

"पाहुणे आले की."

"आन पावनं कवा?"

इथं त्रिंबकराव काढता पाय घ्यायचे. कारण प्रत्येक संस्थेचा प्रमुख पाहुणा वेगळा होता. आबासाहेबांचा पाहुणा मोकळा असायचा तेव्हा मल्लप्पांचा मुंबईला असायचा, आणि मल्लप्पांचा मुंबईहून यायचा तेव्हा रत्नम्मांच्या पाहुण्याबाईंच्या घरी लग्न निघायचं. तिघांच्या हातांनी एकच फीत कापायची असा ठराव झाला होता, आणि उद्घाटनाआधी एकाही लाभार्थ्याला आत घ्यायचं नाही असाही झाला होता. थंडी मात्र ठरावाची वाट न बघता पडली होती. केसर सकाळी उठायची तेव्हा तिची बोटं वळत नसत.

त्यातच पुण्याहून हुकूम आला. जे निवारे सुरू झालेले नाहीत ते सरकारी ज्वारीच्या गोदामासाठी ताब्यात घेणार, आणि पुढच्या आठवड्यात साहेब जातीनं पाहणीला येणार. त्रिंबकरावांनी हुकूम बैठकीत वाचून दाखवला.

"मग उघडून टाकू या," ते धीर करून म्हणाले.

"उद्घाटनाशिवाय?" आबासाहेब म्हणाले. "माझ्या पाहुण्यांना मी काय तोंड दाखवू?"

"तुमच्याच पाहुण्यांना तोंड आहे काय?" रत्नम्मा म्हणाल्या.

मल्लप्पा पंचांग चाळत होते. "अगा, पाव्हण्यांचं राहू द्या की. आठ दिवसांत पौष लागतोय. मग काहीच करता येत न्हाई. आधी वास्तुशांत तरी उरकून घेऊ."

वास्तुशांतीला पाहुणे लागत नाहीत, म्हणून कुणाची हरकत नव्हती. समितीचं इतक्या सहजासहजी कशावर एकमत झालेलं त्रिंबकरावांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि तिथंच त्यांनी सावध व्हायला हवं होतं.

वास्तुशांत झकास झाली. तिन्ही कुलपं निघाली, होम झाला, बाहेरच्यांना ओट्यावर प्रसादाचा शिरा मिळाला. तिघंही पुन्हा कुलपं हातात घेऊन उभे राहिले, तेव्हा गुरुजी उपरणं झटकत म्हणाले, "कुलूप कसलं लावताय? वास्तुशांत झालेली वास्तू तीन रात्री रिकामी ठेवायची नसते. दिवा तेवत राहिला पाहिजे. माणूस झोपलं पाहिजे आत."

त्रिंबकरावांना आनंदाचं भरतं आलं. "माणसं आहेत की! ही काय ओट्यावर."

"ते लाभार्थी," आबासाहेब म्हणाले. "ठराव विसरलात काय?"

"मग मी झोपतो."

"तुम्हाला आबासाहेबांनी नेमलंय," रत्नम्मा म्हणाल्या. "उद्या म्हणतील, आमच्या माणसानं पहिली रात्र काढली, निवारा आमचा."

"मग तुम्ही झोपा."

"आणि निवारा यांचा होऊ द्यायचा होय?" मल्लप्पा म्हणाले.

तर्काला तर्क लागत गेला आणि शेवटी असं ठरलं, की तिन्ही संस्थांच्या प्रमुखांनी स्वतः तिन्ही रात्री निवाऱ्यात झोपायचं. शुक्रवार पेठेत आबासाहेबांचा दुमजली वाडा होता, मल्लप्पांच्या घरी पितळी पलंग होता. पण माघार कोण घेणार! संध्याकाळी दोघंही वळकट्या घेऊन हजर झाले. रत्नम्माही आल्या, पण दारातच थबकल्या.

"मी बाईमाणूस. या दोघा बाप्यांबरोबर एका खोलीत एकटी झोपू? लोक काय म्हणतील? मला सोबत पाहिजे."

"आता या वेळेला सोबत कुठून आणायची?" आबासाहेब म्हणाले.

रत्नम्मांनी ओट्यावर नजर टाकली. चादरीत गुरफटलेली केसर भिंतीला टेकून बसली होती. रत्नम्मांची स्वतःची पाच बाळंतपणं झाली होती. त्या पोरीच्या चेहऱ्याकडं त्यांनी जरा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "ही बाई आणि हिची लेक येईल माझ्या सोबतीला."

"ते लाभार्थी—"

"लाभार्थी म्हणून नाही. सोबत म्हणून. सोबतीबद्दल ठराव झालाय काय?"

नव्हता झाला. बजाबाईनं लेकीला धरून आत नेलं, मधे चादर बांधून आडोसा केला आणि दिव्यात तेल घातलं. त्रिंबकराव त्या दिवशी घरी गेले ते शीळ घालतच. निदान केसर तरी आत गेली होती.

दुसऱ्या रात्रीनंतरच्या सकाळी ते तिघांसाठी चहाची किटली घेऊन आले, तर दारात एक कोट घातलेले गृहस्थ उभे. हातात बॅग, गळ्यात मफलर.

"तुम्ही इथले कोण?"

"चिटणीस. आपण?"

"मी पुण्याहून आलो. पुढच्या आठवड्यात येणार म्हटलं की सगळे रंगरंगोटी करून ठेवतात, म्हणून आजच आलो." साहेब आत डोकावले. "आम्हाला कळवलं होतं निवारा बंद आहे. इथं तर दार उघडं, दिवा तेवतोय, माणसं झोपलीत! छान!"

त्रिंबकरावांनी किटली दारातच ठेवली. साहेब आत शिरले. आबासाहेब नुकतेच उठून बसले होते. अंगात जुनी बंडी, डोक्याला टॉवेल, आणि कवळी उशाच्या वाटीत. त्यांनी त्रिंबकरावांकडं पाहिलं. त्रिंबकरावांनी साहेबांच्या पाठीमागून हात जोडले आणि छताकडं बोट दाखवलं. हे छप्पर जाईल, एवढंच त्यांना सांगायचं होतं. आबासाहेबांना ते कळलं, आणि तोंडापुढं हात धरून ते गप्प बसले.

"काय बाबा, कुठले तुम्ही?" साहेबांनी मायेनं विचारलं.

"इथलाच. शुक्रवार पेठ."

"घर होतं तिथं?"

"आहे."

"मग इथं कसे?"

आबासाहेब खोटं बोलणारे नव्हते. "बायको म्हणाली, जा."

"अरेरे! आणि मुलं?"

"त्यांनीच वळकटी बांधून दिली."

साहेबांनी मफलरच्या टोकानं डोळे पुसले आणि ते मल्लप्पांकडं वळले. "तुम्ही काय करत होता, आजोबा?"

"व्यापार. सुताचा."

"बुडाला का?"

"असं बोलू नये सायेब, सकाळी सकाळी!" मल्लप्पा दचकून म्हणाले आणि त्यांनी दोन्ही कानांना हात लावले.

"बिचाऱ्यानं अजून आशा सोडलेली नाही," साहेब त्रिंबकरावांच्या कानात म्हणाले. तेवढ्यात चादरीचा आडोसा सरला आणि रत्नम्मा बाहेर आल्या. हातात भरघोस पाटल्या होत्या. साहेबांच्या कपाळाला आठी पडली.

"यांच्या हातात सोनं दिसतंय!"

बजाबाई पदर खोचत पुढं झाली. "सोनं कुटलं वो सायेब! पितळ हाय. गरिबाची हौस."

पिढीजात पाटल्यांना पितळ म्हटलेलं ऐकून रत्नम्मांच्या नाकपुड्या फुलल्या, पण त्यांनी सगळा राग गिळला. त्यांच्या आयुष्यात हे बहुधा पहिल्यांदाच घडत होतं.

"आणि तुम्ही?" साहेबांनी बजाबाईला विचारलं.

"मी या आक्कांच्या सोबतीला. एकल्याच हायत्या, त्यास्नी भ्या वाटतं."

"वा! निराधारच निराधाराला आधार देतोय," साहेब गहिवरून म्हणाले. "चिटणीस, तुमची समिती कौतुकाला पात्र आहे. कुठं असतात हो समितीचे लोक? आणि बाहेर ओट्यावर ते कोण झोपलेत?"

दोन प्रश्न एकदम आले. त्रिंबकराव घाबरले, आणि घाबरलेल्या माणसाच्या तोंडून जे निघायचं तेच निघालं. एकाच उत्तरात दोन्ही प्रश्न उरकले.

"समितीच आहे ती, साहेब."

साहेब थक्क झाले. लगबगीनं बाहेर येऊन ते ओट्यावर मिश्री लावत बसलेल्या धोंडीरामसमोर हात जोडून उभे राहिले. "आपण समितीचे?"

धोंडीरामनं साहेबांकडं पाहिलं, मग त्यांच्यामागं घाम पुसणाऱ्या त्रिंबकरावांकडं पाहिलं. त्रिंबकराव मान हलवून हलवून विनवत होते. धोंडीराम कुणाचं मन मोडणारा नव्हता.

"असंल की," तो म्हणाला. "बसा."

"एवढ्या थंडीत तुम्ही बाहेर आणि लोकांना आत ठेवलंत!"

"आमी कुटं ठिवलं? त्येच आत गेले. कुलपं त्यांचीच हायती."

"निराधारांच्या हाती कुलपं!" साहेबांनी वही काढली. "एवढा विश्वास मी उभ्या महाराष्ट्रात पाहिला नाही. बरं, निवारा चालवताना तुम्हाला अडचण काय येते?"

"अडचन?" धोंडीराम विचार करून म्हणाला. "आत जाया मिळत न्हाय, ही येक हाय बगा."

साहेबांची पेन्सिल थांबली. त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटू लागलं होतं. ते पुढं विचारणार, इतक्यात आतून केसरची किंकाळी आली आणि पाठोपाठ रत्नम्मांचा आवाज. आता त्या आवाजात निराधारपण औषधालाही नव्हतं.

"गडी माणसं सगळी बाहेर! पोरीला कळा सुरू झाल्यात! आबासाहेब, बघत काय बसलात, चूल पेटवा! मल्लप्पा, तुमचा टांगा काढा आणि सुंदरम्मा सुईणीला घेऊन या! त्रिंबकराव, पाणी!"

आबासाहेब आणि मल्लप्पा पायांत पाय अडकवत बाहेर आले. साहेबांनी आ वासला.

"आबासाहेब? पत्रांवर सही असते ते अध्यक्ष आबासाहेब?"

आबासाहेबांनी खालमानेनं होकार दिला.

"आणि हे?"

"आमचे खजिनदार," त्रिंबकराव म्हणाले.

"आणि आत त्या पितळी पाटल्यावाल्या?"

"उपाध्यक्षा. पाटल्या सोन्याच्या आहेत, साहेब."

साहेब धोंडीरामकडं वळले. "मग तुम्ही कोण हो?"

"आमी समिती," धोंडीराम म्हणाला. "आत्ताच कळलं आमाला बी."

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. "थट्टा मांडलीय! लोक उघड्यावर आणि पदाधिकारी आत! आजच्या आज ही इमारत ताब्यात घेतो. उद्या इथं ज्वारीची पोती पडतील!"

त्रिंबकरावांनी आजवर कुणाला उलट उत्तर दिलं नव्हतं. पण आत केसर कण्हत होती, आणि त्यांचा तोलच गेला.

"पोती टाका साहेब, खुशाल टाका! खोटं मी बोललो, माझी नोकरी घ्या. पण ती पोरगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय. माहेर म्हणून तिला एवढंच छप्पर आहे. आधी तिची सुटका होऊ द्या, मग काय करायचं ते करा. पोत्यांना थंडी वाजत नाही!"

बोलून झाल्यावर ते स्वतःच घाबरले. साहेबांनी मफलर काढला, कोट काढला, आणि दोन्ही धोंडीरामच्या हातात दिले.

"पाणी कुठं मिळतं इथं?"

त्या दुष्काळात पाणी मिळणं काही सोपं नव्हतं. टँकरपाशी रांग होती. साहेब घागर घेऊन रांगेत उभे राहिले, आणि धोंडीराम साहेबांचा कोट अंगात घालून रांगेतल्या बायांना वाट सोडायला सांगू लागला. कोट बघून बाया बाजूला झाल्या. तिकडं अध्यक्षांनी आयुष्यात पहिल्यांदा चूल पेटवली, म्हणजे तीन वेळा विझवली आणि चौथ्यांदा ओट्यावरच्या बायांनी ती पेटवून दिली. मल्लप्पा सुंदरम्माला घेऊन आले तेव्हा टांग्यात मागं सुईण आणि पुढं ते स्वतः, पायांत चपला नव्हत्या. जो तो काहीतरी हातात घेऊन आत जात होता, बाहेर येत होता. कुणी विटा नेल्या, कुणी गोवऱ्या, कुणी जुनेर. दार कुणी धरलं नाही आणि ठराव कुणाला आठवला नाही.

ऊन ओट्यावर आलं तेव्हा आतून बाळाचा ट्यांहा ऐकू आला. आबासाहेब मटकन खाली बसले. "सुटली बाबा पोर," ते म्हणाले आणि राखेनं माखलेल्या हातांनीच त्यांनी डोळे पुसले. बजाबाई दारात आली. नुसतीच हसत होती आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"नात झाली," रत्नम्मा आतून म्हणाल्या. "दोघी सुखरूप आहेत. आता गलका करू नका."

त्रिंबकरावांचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच त्यांना नोकरी आठवली. ते साहेबांसमोर जाऊन उभे राहिले. साहेब शर्टाच्या बाह्या पिळत होते.

"चिटणीस, बाळंतिणीला किती दिवस हलवत नाहीत?"

"सव्वा महिना, साहेब."

"हं. आणि माहेर म्हटलं म्हणजे आई आली, मामा आला, शेजारीपाजारी आले."

"आले, साहेब."

"मग ते सगळे आत राहणार. गोदामाला मला रिकामी इमारत लागते. ही भरलेली आहे, तसं लिहितो." मग ते आबासाहेबांकडं वळले. "आणि तुमच्या त्या पाहुण्यांना म्हणावं, बारशाला या."

आबासाहेब एकदा मान डोलावून मोकळे झाले. कोण जाणे, पण महिनाभर पाहुण्यांचं ओझं वाहून वाहून त्यांनाही वीट आलेला असावा. साहेबांनी धोंडीरामकडून कोट मागून घेतला. दोनदा मागितल्यावर त्यानं तो दिला.

संध्याकाळी आबासाहेब आणि मल्लप्पा पुन्हा वळकट्या घेऊन आले. अजून एक रात्र राहिली होती, आणि गुरुजींचा शब्द मोडायची दोघांचीही छाती नव्हती. बरोबर त्रिंबकराव होते. दारात धोंडीराम आडवा हात लावून उभा होता. आतून भाकरीचा वास येत होता, कुणीतरी पाळण्यासाठी दोर बांधत होतं, आणि रत्नम्मा कुणाला तरी शेक कसा द्यायचा ते ओरडून शिकवत होत्या.

"आबासाब, आत मुंगीला जागा न्हाय," धोंडीराम म्हणाला. "ओट्यावर बगा की. भितीकडची जागा बरी हाय, वारं लागत न्हाय. आमी महिनाभर काढला तितं."

आबासाहेबांनी ओट्याकडं पाहिलं, मल्लप्पांनी आबासाहेबांकडं पाहिलं.

"म्हणजे वास्तू रिकामी तर न्हाई ना?" मल्लप्पांनी हळूच विचारलं.

"रिकामी? छे हो!" त्रिंबकराव म्हणाले.

आबासाहेबांनी एवढा मोठा निःश्वास टाकला, की काखेतली वळकटी खाली पडली. ती उचलून ते म्हणाले, "त्रिंबकराव, इतिवृत्तात नीट लिहा. जागेअभावी समितीला प्रवेश नाकारण्यात आला."

"आणि माझं अनुमोदन," मल्लप्पा म्हणाले. ते आधीच घराच्या दिशेनं चालू लागले होते.